शेवटची तारीख दसरा

मी जाहिराती लिहिते. हल्ली त्याला कंटेंट म्हणतात, पण नाव बदलल्याने धंद्याची लाज कमी झालेली नाही. नेपियर टाऊनमध्ये एका औषधाच्या दुकानाच्या वर आमचं ऑफिस आहे. तिथे बसून मी दातांचे दवाखाने, कोचिंग क्लास, शहराबाहेरचे प्लॉट आणि एका वैद्याचं केसांचं तेल लोकांच्या मोबाईलवर विकते. वैद्य स्वतः टकला आहे, म्हणून त्याचा फोटो आम्ही कधी टाकत नाही. सगळं हिंदीत लिहिते, कारण जबलपुरात विकायचं ते हिंदीत. मराठी आम्ही घरात आणि विहारात बोलतो, आणि तीही निम्मी हिंदीच असते.

आमचे मालक स्वतःला मालक म्हणवून घेत नाहीत, मेंटॉर म्हणवून घेतात. वय वर्षं एकतीस. सगळे त्यांना सर म्हणतात. माझ्याहून सोळा वर्षांनी लहान माणसाला सर म्हणताना माझी जीभ अडखळते, पगार घेताना हात मात्र अडखळत नाही, तेव्हा तक्रार कसली करू. हे सर दर दोन महिन्यांनी एका हॉटेलच्या हॉलमध्ये दोन दिवसांचं शिबिर घेतात. विषय, विकणारे शब्द कसे लिहावेत. त्या शिबिराची जाहिरात मीच लिहिते आणि तिच्यात ‘सिर्फ सात सीटें बची हैं’ हे वाक्य न चुकता असतं. एकदा शिबिराच्या सकाळी मला खुर्च्या बघायला पाठवलं होतं. खुर्च्या साठ आणि माणसं बावीस. सरांनी मागच्या चार रांगा वेटरकडून उचलवून पडद्याआड ठेवल्या, पुढून फोटो काढला, आणि त्या फोटोखाली मी ‘हाउसफुल’ लिहिलं.

त्या हॉलमध्ये काय शिकवतात ते मला तोंडपाठ आहे. आधी माणसाला त्याचं दुखणं दाखवा. मग तिथेच बोट दाबा. मग आपलं मलम पुढे करा. माल भरपूर असला तरी संपत आलाय म्हणा. तारीख द्या, तारीख उलटली की भारी मागणीचं निमित्त सांगून ती वाढवा. शेजारी पुढे गेला असं सुचवा, कारण आपलं पोर नापास झालं तर माणूस एक वेळ सोसतो, शेजाऱ्याचं पास झालेलं त्याला सोसवत नाही. समोर मिठाईवाला, ब्यूटी पार्लरवाली, योगाचे मास्तर असे लोक बसलेले असतात. एरवी दुकानात गिऱ्हाइकाशी नीट बोलणारी शहाणी माणसं. दोन दिवसांत त्यांचे पोपट होतात. मग तो मिठाईवाला, ज्याची खोव्याची जिलबी घ्यायला रांग लागते, आपल्या पाटीवर लिहितो, ‘क्या आप भी बेस्वाद ज़िंदगी से परेशान हैं?’

खरं सांगायचं तर या कामात उपयोगाच्या गोष्टी मूठभर आहेत. काय विकताय ते पहिल्या ओळीत सांगावं. गर्दीशी बोलू नये, एका माणसाशी बोलावं, आणि तो माणूस डोळ्यांसमोर आणून बोलावं. वाचून झाल्यावर त्याने फोन करायचा की यायचं, ते एकदाच आणि स्पष्ट लिहावं. जे देता येणार नाही ते लिहू नये. एवढं सगळं एका पोस्टकार्डावर मावतं. पण पोस्टकार्डासाठी हॉल भाड्याने घेता येत नाही, म्हणून हे कोणी शिकवत नाही. मला हे ठाऊक होतं, असं मुद्दाम सांगते. पुढे मी जे केलं ते अज्ञानातून केलं असं कोणाला वाटायला नको.

माझी ताई शहराच्या गढा भागात राहते, माझ्या घरापासून चार गल्ल्या सोडून. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी, आता बासष्टची. भाऊजी इथल्या सरकारी फॅक्टरीत फिटर होते. ते गेले तेव्हा क्वार्टर सोडावं लागलं आणि ताई या दोन खोल्यांच्या घरात आली. पुढच्या खोलीत खिडकीशी तिची विणायची मशीन आहे. मूठ धरून इकडून तिकडे सरकवली की एक ओळ विणली जाते आणि करवतीसारखा आवाज येतो. गळा आणि बाह्यांच्या कडा ती मशीनवर करत नाही, हाताने सुयांवर विणते. तीस वर्षं तिने फॅक्टरीच्या वस्तीतल्या माणसांचे स्वेटर विणले. तिच्याकडे एक जाड वही आहे, तिच्यात प्रत्येकाची मापं आहेत. कोणाची छाती अडतीसवरून चव्वेचाळीसवर कधी गेली, कोणाचं पोर एका हिवाळ्यात चार बोटं वाढलं, सगळं त्या वहीत सापडतं.

तिची आणखी एक पद्धत आहे. स्वेटर विणून जी लोकर उरते ती ती फेकत नाही आणि दुसऱ्याच्या स्वेटरात घालत नाही. तिचा गुंडा करते, त्याला नावाची चिठ्ठी बांधते आणि कडुनिंबाचा पाला घातलेल्या लोखंडी पेटीत टाकते. चार वर्षांनी, दहा वर्षांनी कोपर फाटलं की त्याच लोकरीने कोपर विणून देते आणि त्याचं काही घेत नाही. माल तिचा होता तर दुरुस्तीही तिचीच, असं ती म्हणते. आमच्या सरांना हे सांगितलं असतं तर त्यांना घेरी आली असती. ज्या बाईच्या स्वेटरचं कोपर फाटलं तरी नवा स्वेटर खपत नाही, तिने धंद्यात पडूच नये असं ते म्हणाले असते.

मागच्या पावसाळ्यात ताईला ताप आला आणि तिने चार दिवस कोणाला सांगितलं नाही. मलाही नाही. तिचा मुलगा पुण्यात नोकरी करतो. त्याला हे नंतर कळलं तेव्हा तो घाबरला, आणि घाबरलेली माणसं बोलतात तसं रागावून बोलला. आता इथे राहायचं नाही, पुण्याला चल म्हणाला. ताई म्हणाली, लोकांना माझी गरज आहे. तो म्हणाला, आई, लोक आता स्वेटर मोबाईलवर मागवतात, दोन वर्षांपूर्वी तू तीस विणलेस, गेल्या वर्षी अठरा, यंदा दहा होतील, कोणाला गरज आहे ते तूच बघ. बोलता बोलता दोघांमध्ये करार झाला. यंदा अठराच्या वर एक जरी स्वेटर गेला तरी तो पुन्हा पुण्याचं नाव काढणार नाही. नाही गेला तर नाताळच्या सुट्टीत येऊन मशीन विकेल आणि तिला घेऊन जाईल. दुरुस्ती धरायची नाही, नवेच मोजायचे. दर रविवारी फोनवर आकडा सांगायचा.

भाचा वाईट नाही. त्याच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं. पण ताई पुण्यात सातव्या मजल्यावर काय करणार होती, ते मला डोळ्यांसमोर दिसत होतं. दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, तू एवढ्या लोकांचं विकून देते, यंदा माझं लिही. तीस वर्षांत तिने माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट होती. लहानपणी माझे सगळे स्वेटर तिने विणले. मी मात्र दोन हिवाळे दुकानातलं जॅकेट घालून फिरत होते, कारण ऑफिसात ते बरं दिसतं.

पहिल्यांदा मी साधंच लिहिलं होतं. ताई स्वेटर विणते आहे, माप द्यायला या, अशा चार ओळी. ऑफिसात चहा पिताना सरांनी माझ्या खांद्यावरून डोकावून विचारलं, काय लिहिलंय. मी हिंदीत समजावलं. ते हसले. म्हणाले, “मॅडम, इसमें अर्जेन्सी कहाँ है? ये तो सूचना है।”

सूचना हा शब्द त्यांनी शिवीसारखा उच्चारला. आणि मी, जिला त्यांच्या शिबिराच्या खुर्च्या माहीत होत्या, ती खजील झाले. त्यांनी माझा हात धरून लिहून घेतलं नाही, मीच लिहिलं. चार ओळी पुसल्या आणि माझी सगळी कारागिरी पणाला लावली. ‘थंडी सांगून येत नाही! हाताने माप घेऊन विणलेले लोकरीचे स्वेटर, फक्त पंचवीस! ऑर्डरची शेवटची तारीख दसरा. त्यानंतर एकही ऑर्डर घेतली जाणार नाही. आधी तुम्ही येणार की तुमचा शेजारी?’ खाली लाल अक्षरांत ‘घाई करा’. विहाराच्या ग्रुपवर टाकलं, फॅक्टरीतून रिटायर झालेल्यांच्या ग्रुपवर टाकलं, ताईला वाचून दाखवलं. ताईने मान डोलावली. छान नोटीस झाली म्हणाली.

दसऱ्यापर्यंत चार ऑर्डर आल्या. जबलपुरात दसऱ्याला पंखे चालू असतात, लोकरीचं नाव काढलं तरी अंगाला घाम येतो, हे मी विचारात घ्यायला हवं होतं. आणखी एक गोष्ट विचारात घ्यायला हवी होती. दसऱ्याला आमची अर्धी वस्ती नागपूरला दीक्षाभूमीला जाते, मीही दोनतीनदा गेले आहे. पण मी विकायला बसले होते, आणि विकायला बसलं की माणसाला आपलीच माणसं दिसत नाहीत.

दसरा झाला आणि आठवडाभर कोणीच आलं नाही. मी शिबिराच्या धड्याप्रमाणे पुढची पायरी केली. ‘लोकाग्रहास्तव मुदत दिवाळीपर्यंत वाढवली! फक्त पाच स्वेटर शिल्लक!’ ताईला सांगितलं तेव्हा तिने विचारलं, पाच कसे, एकवीस आहेत ना. मी म्हटलं, असंच लिहितात. या बाबतीत मी शिकलेली आणि ती अडाणी, असं आम्हा दोघींनाही वाटत होतं.

दिवाळी झाली. सकाळी तोंडातून वाफ निघायला लागली, गढ्याच्या चौकात चहाच्या टपऱ्यांपाशी शेकोट्या पेटल्या, आणि ताईचा आकडा चारवर अडून बसला. ते चार विणून कधीच झाले होते. दर रविवारी भाचा फोनवर विचारायचा आणि ताई चार म्हणायची. मशीनवर ताईने जुनी चादर टाकली होती. कारण विचारलं तर धूळ बसते म्हणाली. मी मनातल्या मनात लोकांना शिव्या घालत होते. तीस वर्षं हिच्या हातचं घातलं आणि आता यांना मोबाईलवरचं झगझगीत पाहिजे, अशी माझी भाषा होती.

नोव्हेंबरच्या मध्यावर एका रविवारी विहारात वंदना झाल्यावर आम्ही बाहेर उन्हात उभे होतो. भाऊजींचे एक जुने सोबती तिथे होते, फॅक्टरीत दोघं एकाच मशीनवर काम करत. दरवर्षी ताईचा स्वेटर घेणारे. यंदा त्यांच्या अंगात बाजारातलं काळं चकचकीत जॅकेट होतं, खांद्यांत दोन बोटं मोठं. मला राहवलं नाही. मी टोमणा मारला, की आता ताईचा स्वेटर जुना झाला वाटतं.

त्यांना टोमणा कळलाच नाही. ते सरळ म्हणाले, “नोटीस वाचली ना, बाई. मी दसऱ्याले नागपुरात होतो. आलो तर तारीख निघून गेली होती.”

मी म्हटलं, पण नंतर मुदत वाढवली होती.

“हो, वाढवली. पण पाचच राहिले होते. ज्याले खरी गरज आहे त्यानं घ्यावे. मी एकटा माणूस, माझं जॅकेटात भागून राहिलं.”

आजूबाजूला आणखी तीनचार जण होते, त्यांनी माना हलवल्या. एकीने तर तिच्या सासूसाठी घ्यायचा होता, पण पाचात आपण कशाला हात घालावा म्हणून सोडून दिला. म्हणजे नसलेले पाच स्वेटर सगळ्या वस्तीने एकमेकांसाठी सोडून दिले होते. कोणाच्याही बोलण्यात तक्रार नव्हती. नोटीस अगदी व्यवस्थित होती, असंही ते जॅकेटवाले काका म्हणाले.

मी तिथून निघाले तेव्हा माझे कान तापले होते. मी याच माणसांत वाढले. आमच्या बाबांची त्याच फॅक्टरीतली सगळी नोकरी नोटीस बोर्डासमोर गेली. क्वार्टरचा अर्ज, सायकलीचा ॲडव्हान्स, पोरांच्या शाळेचा फॉर्म, सगळ्याला शेवटची तारीख, आणि त्या तारखेला पाच वाजता खिडकी बंद. शेजारचे एक काका दहा मिनिटं उशिरा पोहोचले आणि त्यांचं क्वार्टर तीन वर्षं लांबलं, ही गोष्ट आम्हाला जेवताना सांगितली जायची. या लोकांना तारीख म्हणजे तारीख. तिच्यावरून कोणी खेळ करतं, तारीख खोटी असते, हे त्यांच्या डोक्यातच येणार नाही. आमच्या सरांना ही माणसं भेटली असती तर त्यांनी त्यांना मागासलेलं गिऱ्हाईक म्हटलं असतं. मीही त्यांना काही वेगळं समजले नव्हते.

तशीच ताईकडे गेले आणि सगळं सांगितलं. ती मटार सोलत बसली होती. ऐकून झाल्यावर उठली, भिंतीवरच्या खिळ्याची एक सुतळी काढून तिने माझ्यापुढे ठेवली. सुतळीला मध्ये एक गाठ होती. ती मझौली गावच्या एका बाईची होती. तिचा नवरा फॅक्टरीतून रिटायर होऊन गावी शेतीवर गेला होता. त्याच्या छातीचं माप गाठ मारून ती बसने आली होती, दसऱ्यानंतर दोन दिवसांनी. ताईने तिला चहा दिला आणि परत पाठवलं. सुतळी मागेच राहिली.

“तूच लिहिलं होतं ना, एकही घेणार नाही म्हणून,” ताई म्हणाली. “मग मी कशी घेऊ?”

मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं. ज्या बाईला घर सोडावं लागू नये म्हणून मी ती जाहिरात लिहिली, तिनेच ती खरी मानून दाराशी आलेलं गिऱ्हाईक परतवून लावलं होतं. मी तिला समजावू लागले, की अगं, हे असंच असतं, या धंद्यात सगळेच तारीख खोटी लिहितात, लोकांना घाई लागावी म्हणून.

“म्हणजे हे लोक खरं मानतात, हे तुले माहीत होतं,” ती म्हणाली, “अन् म्हणूनच तू खोटं लिहिलं.”

ती ओरडली नाही. मटाराच्या शेंगा उचलून आत गेली. मी त्या खोलीत चादर टाकलेल्या मशीनसमोर बराच वेळ बसले. आजवर हजारो लोकांना मी घाई लावली होती आणि त्यातल्या एकाचंही तोंड मला कधी बघावं लागलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने मला मझौलीला पिटाळलं. जिनं लिहिलं तिनंच जाऊन सांगावं, एवढंच म्हणाली. मी ऑफिसातून सुट्टी काढली, बसमध्ये उभ्याने गेले, विचारत विचारत त्या बाईचं घर काढलं. बाई अंगणात होती. मी कोण ते सांगितलं, चूक माझी झाली, ताईची नाही, असंही सांगितलं. ती म्हणाली, ताईनं चहा पाजला ना, मग नाराज काहून होऊ, मीच उशिरा आली होती. तिने मला माफ केलं असं म्हणता येणार नाही, कारण माझी चूक आहे हे तिला पटलंच नाही. स्वेटर मात्र दोन सांगितले, एक नवऱ्याचा आणि एक स्वतःचा. स्वतःच्या मापासाठी तिने तिथल्या तिथे दुसरी सुतळी तोडली.

आल्यावर मी ताईला म्हटलं, आता नवीन काय लिहायचं ते तू सांग, मी फक्त टाईप करते. ती म्हणाली, खरं आहे ते लिही, माझ्यापाशी त्यांची लोकर आहे. मी धंद्याच्या सवयीने हरकत घेतली. फुकट दुरुस्ती लिहिली तर नवा कोण घेईल, करारात दुरुस्ती धरलेली नाही. ताई म्हणाली, थंडी कोणाच्या कोपरातून जाऊन राहिली ते आधी बघू.

ग्रुपवर टाकायचं नाही, हेही तिनेच ठरवलं. तिने वही उघडली, पेटी उघडली आणि एकेक गुंडा काढून चिठ्ठी वाचू लागली. मी तिच्या मोबाईलवरून एकेकाला लिहू लागले. ‘दादा, तुमच्या राखाडी स्वेटरची लोकर माझ्यापाशी जपून आहे. कोपर फाटलं असेल तर घेऊन या. नवा पाहिजे असेल तर माप द्या. तारीख नाही, सगळी थंडी मी घरीच आहे.’ दुसरीला हिरव्या शालीची लोकर, तिसऱ्याला नातवाच्या कानटोपीची. तीन दुपारी गेल्या. ऑफिसात सरांनी सुट्टीचं कारण विचारलं. मी सांगितलं तर म्हणाले, “एक-एक को? मॅडम, बल्क में भेजिए ना।” एका वेळी एकाच माणसाशी बोलावं हे त्यांच्याच शिबिराच्या वहीच्या तिसऱ्या पानावर छापलेलं आहे. ते पान मीच लिहिलं होतं, आणि बहुतेक आम्ही दोघांनीही वाचलं नव्हतं.

वहीत शेवटी भाच्याचं पान आलं. छाती चौतीस, रंग निळा, बारावीच्या वर्षाचं माप. मी ते उलटायला लागले. तो काय गिऱ्हाईक आहे का. ताई म्हणाली, “त्याले काहून सोडते? लोकर आहे ना त्याची.” मग त्यालाही लिहिलं. तुझ्या निळ्या स्वेटरची लोकर पेटीत आहे, कोपर फाटलं असेल तर घेऊन ये. त्याने वाचल्याची खूण दिसली, उत्तर आलं नाही.

बाकीचे मात्र आले. पहिल्यांदा फाटकी कोपरं आली. पिशव्यांतून, वर्तमानपत्रांत गुंडाळून, काही अंगातच. ते जॅकेटवाले काका जुना राखाडी घेऊन आले आणि ताई सुया हलवत असताना समोर बसून राहिले. कोपर होईपर्यंत बसलेल्या माणसाला सुनेची, नातवाची आठवण व्हायची आणि तो नव्याचं माप सांगायचा. दर रविवारी आकडा वाढत होता. सहा, नऊ, तेरा. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात अठरा झाला आणि तिथे थांबला.

गेल्या वर्षी अठरा, यंदाही अठरा. आठ दिवस एकही नवा आला नाही. वस्तीत ज्यांना पाहिजे होते त्यांचे झाले होते. नाताळ पाच दिवसांवर आला. मी ताईला म्हटलं, माझं माप घे, मला खरोखर पाहिजे आहे. ती म्हणाली, तुझा विणीन, पण धरणार नाही, तू मोजायसाठी घेऊन राहिली. मी म्हटलं, मग भाच्याला एकोणीस सांग, तो कुठे येऊन मोजणार आहे. हे बोलल्यावर तिने माझ्याकडे असं बघितलं, की मी पुढचं वाक्य गिळलं. रविवारी तिने फोनवर अठराच सांगितले. तो तिकीट काढलंय म्हणाला आणि फोन ठेवला. ताईने मशीनवर पुन्हा चादर टाकली आणि पेटीतले उरलेले गुंडे रचायला घेतले. हे कोणाकडे ठेवून जाऊ, असं तिने मला विचारलं. शब्दांवर पोट भरणारी मी, एका गुंड्याची सुटलेली चिठ्ठी बांधत बसले.

सोमवारी दुपारी मी तिथेच होते. तिचा मोबाईल वाजला, तिने चष्मा शोधेपर्यंत मीच वाचलं. महिनाभर अनुत्तरित राहिलेल्या त्या निरोपाखाली भाच्याने लिहिलं होतं, ‘छाती बेचाळीस. बाही लांब ठेव. निळाच पाहिजे.’

मी मोठ्याने वाचलं. ताईने ते पुन्हा वाचायला लावलं. मग वही घेतली, चौतीसच्या खाली बेचाळीस लिहिलं आणि शेजारी एकोणीस. मी विचारलं, हा धरायचा का, घरचाच आहे तो. ती म्हणाली, त्याने माप पाठवलं, मी मागितलं नव्हतं. पेटीतून तिने निळा गुंडा काढला, तळहातावर ठेवून बघितला. मुठीएवढा होता.

“चौतीसचा बेचाळीस झाला,” ती म्हणाली, “अन् मले सांगतलं नाही.” डोळे पुसायच्या आधी तिने मशीनवरची चादर ओढून काढली. मला म्हणाली, जा, हा गुंडा घेऊन दीक्षितपुऱ्यातल्या लोकरीच्या दुकानात जा, हाच निळा आण. मी म्हटलं, इतक्या वर्षांनी हाच निळा नाही मिळाला तर?

“तर थांबू,” ताई म्हणाली. “मले आता कुठं जायचं आहे?”